नाताळचा केक आणि प्रभागाची बैठक

यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड. यातल्या एकाचाही निकाल कॅथलिक मतांनी फिरणार नाही. वसईत फिरतो. गोव्यात तर त्या मतांवर डोळा ठेवून पक्ष बसलेले असतात. आपल्याकडे तसं काही नाही, आणि हे आधीच मान्य करून पुढे गेलेलं बरं. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं दहा लाख ऐंशी हजारांच्या आसपास होती. शंभरात एकही भरत नाही. यवतमाळात जे ख्रिस्ती आहेत त्यांतही बरेच प्रोटेस्टंट. फ्री मेथडिस्ट मिशनचं हे जुनं ठाणं, आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३पासून १९८३मध्ये पुण्याला जाईपर्यंत याच शहरात होती. कॅथलिक उरले मूठभर, अमरावती धर्मप्रांतातल्या धर्मग्रामांत विखुरलेले.

याच आकड्याचा आडोसा घेऊन आपण घरी बसलो आहोत. "आपली मतं किती? आपल्याले कोन विचारते?" हे वाक्य मी रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. शिकलेली माणसं हे म्हणतात. शाळा चालवणारी, दवाखान्यात रात्रपाळ्या करणारी, बँकेतून निवृत्त झालेली माणसं हे म्हणतात.

हिशेब चुकीच्या पाटीवर मांडला आहे. विधानसभेचा आकडा ग्रामपंचायतीला लावता येत नाही. ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डात काहीशे मतदार असतात. तिथे माणूस पाच-सात मतांनी येतो आणि तेवढ्याच मतांनी पडतो. मतं समान पडली तर चिठ्ठी टाकतात. त्या वॉर्डात चार कॅथलिक घरं असली आणि त्या चार घरांतली मोठी माणसं ठरवून मतदानाला गेली, तर पॅनलप्रमुखाला त्यांच्या दारात यावंच लागतं. प्रश्न एवढाच, की तो आल्यावर आपण काय मागतो.

आणि इथे आपली खरी पंचाईत आहे. आपण मागतो कब्रस्तानाची भिंत.

कब्रस्तानाचा प्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही. गावात कॅथलिक माणूस गेला की घरच्यांपुढे रडण्याआधी जागेचा प्रश्न उभा राहतो. दफनभूमीची नोंद कुणाच्या नावे आहे, वाट आहे का, पावसाळ्यात गाडी आत जाते का, शेजारच्या शेतकऱ्याने बांध किती आत सरकवला आहे. यातला बराच विषय ग्रामपंचायत आणि नगरपरिषदेच्या अखत्यारीतला. तो रोममध्ये सुटत नाही, दिल्लीतही सुटत नाही. तो सुटतो सोमवारच्या मासिक सभेत, जिथे आपला एकही माणूस नसतो. मग आपण फादरांच्या हातात अर्ज देतो आणि त्यांना आमदाराच्या बंगल्यावर पाठवतो. फादर बहुतेकदा केरळचे, मंगळूरचे नाहीतर वसईचे. काही वर्षांत त्यांची बदली होते. नवे फादर येतात, नवा अर्ज होतो. आमदाराच्या टेबलावर चर्चचं नाव एका अर्जदाराचं नाव म्हणून राहतं, नागरिकांचं म्हणून नाही.

पण भिंतीपाशीच थांबायचं असेल तर राजकारणात उतरायची गरजच नाही. अर्ज पुरेसा आहे. मला म्हणायचं आहे ते वेगळं. हा जिल्हा कापसाचा आहे आणि शेतकरी आत्महत्यांचा आहे. २०१७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. शेकडो माणसं दवाखान्यात होती. ते फवारणीचं औषध कुणी विकलं, कृषी सेवा केंद्रांची तपासणी कुणी करायची होती, प्राथमिक आरोग्य केंद्रात काय होतं आणि काय नव्हतं, हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभागृहात विचारायचे असतात. ख्रिस्ताच्या नावाने दुखणेकऱ्याची सेवा करतो असं म्हणणाऱ्या समाजाला हे प्रश्न आपले वाटत नसतील, तर मिस्सेतल्या प्रार्थनेत शेतकऱ्यांचं नाव घेऊन काय उपयोग?

याच शहरात जानेवारी २०१९मध्ये ९२वं मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनावरून मोठा वाद पेटला आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्याच वर्षी त्या यवतमाळ-वाशीममधून लोकसभेला उभ्या राहिल्या, प्रहार पक्षाकडून. निवडून आल्या नाहीत. पण उभ्या राहिल्या. जिच्यापाशी पैसा नाही, घराणं नाही, जातीचा गठ्ठा नाही, अशी बाई उमेदवारी अर्ज भरते आणि आपण पदवीधर, पगारदार, "आपली मतं किती" म्हणत चहा पितो. मला याची लाज वाटते.

—

एक जुना करार आपण विसरलो आहोत.

१९४७मध्ये अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा ठेवायच्या असं संविधान सभेत ठरलं होतं. मे १९४९मध्ये ते मागे घेतलं गेलं. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष एच. सी. मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष होते. मद्रासचे जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसूझा सभेचे सदस्य होते. या ख्रिस्ती नेतृत्वाने राखीव जागांचा आग्रह सोडला. त्यामागचा विचार स्वच्छ होता. आम्हाला वेगळी खोली नको, आम्ही मोठ्या घरातच राहू. सर्वांच्या पक्षांत जाऊ, सर्वांच्या मतांवर निवडून येऊ, सर्वांसाठी काम करू.

तो शब्द दिला गेला तेव्हा त्याला दोन बाजू होत्या. पक्षांनी दार उघडं ठेवायचं आणि आपण आत जायचं. पक्षांनी दार किती उघडं ठेवलं यावर भरपूर बोलता येईल, बोललंही जातं. आपण आत किती गेलो यावर कुणी बोलत नाही.

पूर्वी जात होतो. जोसेफ बॅप्टिस्टा हे माझगावच्या माथारपाखाडीचे कॅथलिक बॅरिस्टर. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष झाले बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. १९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मराठी माणसं त्यांना काका म्हणत. टिळकांच्या त्याच गोतावळ्यात आपल्या वणीत जन्मलेले बापूजी अणे होते, ज्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि अटक करून घेतली. एकाच चळवळीत एक वऱ्हाडातला ब्राह्मण वकील आणि एक मुंबईचा ईस्ट इंडियन कॅथलिक वकील. काका बॅप्टिस्टांनी टिळकांना "आमच्या समाजासाठी वेगळा सेल काढा" असं म्हटलं नाही. ते लीगच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसले.

आज पक्षात गेलेल्या ख्रिस्ती कार्यकर्त्याला काय मिळतं? अल्पसंख्याक सेलचं उपाध्यक्षपद. लेटरहेड, गळ्यातला पट्टा आणि वर्षातून एक काम, नाताळच्या रात्री पुढाऱ्याला चर्चमध्ये घेऊन यायचं. पुढारी येतो, केक कापतो, सांताची टोपी घालून फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी पेपरात "सर्वधर्मसमभाव". मध्यरात्रीच्या मिस्सेला आलेल्या पाहुण्याचा अपमान करा असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री त्याला एकही प्रश्न विचारला जात नाही, आणि पुढच्या बारा महिन्यांतही विचारला जात नाही. केक खाऊन त्याचं कर्ज फिटतं.

सेलमध्ये जाऊ नका. बूथ समितीत जा. पक्ष कोणताही असो, तिकीट ठरतं ते सतरंजी घालणाऱ्या, मतदार यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या, मतमोजणीच्या दिवशी टेबलाशी बसणाऱ्या माणसांच्या शब्दावर. निवडणुकीच्या महिन्यात पक्षाचा एबी फॉर्म मागायला जाणाऱ्याला कुणी ओळखत नाही. आपल्यातल्या एकाने पाच वर्षं प्रभागाच्या प्रत्येक बैठकीला जावं, नळाच्या, गटाराच्या, घरकुलाच्या, निराधार योजनेच्या कामात लोकांबरोबर तहसीलला खेटे घालावेत. मग त्याचं नाव पुढे येतं, आणि ते नाव डिसूझा आहे की देशमुख हे तेव्हा फारसं कुणी बघत नाही. मी हे भाबडेपणाने लिहीत नाही. बघणारेही असतात. पण ज्याने रात्री दोन वाजता रक्ताची बाटली मिळवून दिली त्याचं आडनाव गाव विसरतं.

—

आता चर्चकडे वळतो, कारण इथेही स्पष्ट बोललं पाहिजे.

निवडणूक आली की काही पुढारी थेट फादरांना भेटतात. "तुमची मतं सांगा इकडे द्यायला." आणि काही भाविकही वेदीवरून इशारा होण्याची वाट बघत बसतात. हे चूक आहे, आणि ते कायद्यानेही चूक आहे. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८चा कायदा देऊळ, मशीद, चर्च यांपैकी कुठलीही जागा राजकीय कामासाठी वापरायला मनाई करतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचार ठरवतं. त्या कलमावरचा मोठा निकाल आपल्याच राज्यातल्या खटल्यात लागला. सांताक्रूझची १९९०ची विधानसभा निवडणूक, अभिराम सिंग विरुद्ध सी. डी. कोमाचेन. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निर्णय दिला, की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. म्हणजे "तुम्ही कॅथलिक आहात म्हणून याला मत द्या" हे वाक्य गुन्ह्याच्या दारात उभं आहे.

चर्चचा स्वतःचा कायदाही हेच सांगतो. १९८३च्या धर्मसंहितेत कलम २८५ धर्मगुरूंना सत्तेची पदं घ्यायला मनाई करतं. कलम २८७ त्यांना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ देत नाही, अपवाद फक्त चर्चच्या हक्कांसाठी किंवा सर्वांच्या हितासाठी ते गरजेचं आहे असं धर्माधिकाऱ्यांनी ठरवलं तर. ही मनाई धर्मगुरूंना आहे. प्रापंचिकांना नाही. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केलेल्या 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात सार्वजनिक पद पत्करून लोकांची सेवा करणाऱ्यांची प्रशंसा केली आहे, आणि तरुणांना त्यासाठी तयार करा असं म्हटलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२०च्या 'फ्रातेल्ली तुत्ती'त राजकारणाला प्रेमसेवेच्या थोर प्रकारांत बसवलं. किती धर्मग्रामांत यावर एकदा तरी प्रवचन झालं? उपवासकाळात मांस खाऊ नका हे सांगितलं जातं, ग्रामसभा चुकवू नका हे सांगितलं जात नाही. दोन्ही सांगता आलं पाहिजे. फादरांनी कुणाला मत द्या हे कधीच सांगू नये. मतदार यादीत नाव आहे का, हे मात्र दर रविवारी विचारावं.

वसईचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, पण जसं सांगितलं जातं तसं नाही. लोक म्हणतात, वसईत चर्चने ठरवलं आणि आमदार पाडला. झालं ते असं. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली आणि पश्चिम पट्ट्यातली हिरवी गावं तिच्यात ओढली गेली. गावकऱ्यांना ती नको होती. ऑक्टोबर २००९मध्ये गावं वाचवण्याच्या आंदोलनातून विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून निवडून आले. कॅथलिक मतं त्यांच्या मागे मोठ्या संख्येने गेली, हे खरं. पण ती गेली वाडीच्या पाण्यासाठी, विहिरींसाठी, केळीच्या बागांसाठी, आणि त्यांच्याबरोबर हिंदू गावकरीही होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याआधी हरित वसईच्या चळवळीत उतरले होते तेही वसईच्या मातीसाठी. ते पुढे २०२०च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष झाले, यवतमाळनंतरच्याच संमेलनाचे. वसईच्या माणसांनी कॅथलिक म्हणून मागितलं असतं तर त्यांना एक सभागृह मिळालं असतं. गावकरी म्हणून मागितलं तेव्हा विधानसभा निवडणूक फिरली. पुढचंही सांगितलं पाहिजे. २०११मध्ये २९ गावं वगळण्याची अधिसूचना निघाली, प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात अडकलं आणि २०१४मध्ये वसईचे आधीचे आमदार हितेंद्र ठाकूर पुन्हा निवडून आले. एका निवडणुकीच्या लाटेवर काम संपत नाही. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी घरी गेलेला समाज पाच वर्षांनी तिथेच उभा असतो.

—

आता त्या विषयावर, ज्यावर आपल्या अंगणात कुजबुजत बोललं जातं.

उमरखेड मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. महार किंवा मांग घरात जन्मलेला माणूस बौद्ध असेल तर तिथे उभा राहू शकतो. तो कॅथलिक असेल तर नाही. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले ते आजपर्यंत. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्राने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वराणी प्रकरणात चर्चला जाणाऱ्या बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला.

त्याचा परिणाम आपल्या धर्मग्रामांत दर रविवारी दिसतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं. मुलाचं वसतिगृह, मुलीची शिष्यवृत्ती, मोठ्याची नोकरी, सगळं एका कागदावर उभं. अशा घरातला माणूस पक्षात जाऊन स्टेजवर कसा बसेल? त्याचं नाव बॅनरवर आलं की विरोधी पॅनलचा कुणीतरी जात पडताळणी समितीकडे तक्रार घेऊन जाईल. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्याचं मौन त्याने निवडलेलं नाही, कायद्याने त्याच्यावर लादलं आहे. जातीचा चटका पाणी शिंपडल्याने जात नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६च्या आपल्या दलितविषयक धोरणात चर्चच्या आतही जातभेद आहे हे मान्य केलं. जो चटका चर्चमध्येही बसतो त्याची भरपाई चर्चला गेल्यामुळे बंद करायची, हा अन्याय आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागास वर्गाच्या यादीत जागा आहे. ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत नागरिकांच्या मागास प्रवर्गातून त्यांना उभं राहता येतं. किती जणांना हे माहीत आहे? पॅरिश कौन्सिलने एक शनिवार यासाठी काढावा, एखाद्या जाणत्या वकिलाला बोलवावं, दाखले कसे काढायचे ते सांगावं. हे राजकारण नव्हे, पण याशिवाय राजकारणाचं दार उघडत नाही.

आणि इथे माझा रोख आपल्यातल्या दुसऱ्या गटाकडे आहे. ज्यांना कुठल्याही दाखल्याची भीती नाही. ज्यांचे आजोबा-वडील नोकरीनिमित्त केरळातून, मंगळुरातून, गोव्यातून विदर्भात आले, ज्यांची मुलं पुण्याला आणि कॅनडाला आहेत. तुम्ही बोलू शकता. तुमचं काही जाणार नाही. पक्षाच्या बैठकीत उभं राहून १९५०च्या आदेशाबद्दल उमेदवाराला विचारायचं काम तुमचं आहे. ज्याला बोलण्याने नुकसान होतं त्याच्या वतीने, ज्याला होत नाही त्याने बोलायचं असतं. तुम्ही चर्चच्या पहिल्या बाकावर बसता, प्रभागाच्या बैठकीत शेवटच्या रांगेतही दिसत नाही.

आदिवासींचं वेगळं आहे. राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत आणि त्या दर्जाला धर्माची अट नाही. ती घालावी म्हणून मागणी होत असते. झरी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, रस्ता नाही, पाणी नाही, बाळंतिणीला खाटेवर उचलून न्यावं लागतं, त्यावर मात्र तेवढा आवाज होत नाही. पोडावर एकही ख्रिस्ती घर नसलं तरी तो आवाज आपण केला पाहिजे. आपल्याच माणसांपुरतं बोलणारा माणूस ख्रिस्ताचा निरोप अर्धाच ऐकून आलेला असतो.

—

कुठल्या पक्षात जावं? हा प्रश्न मला विचारला जातो आणि मी नाव सांगत नाही. कॅथलिक शिकवणुकीत पूर्ण बसणारा एकही पक्ष या देशात नाही. एक पक्ष गरिबाबद्दल बरं बोलतो आणि कंत्राटं घरात वाटतो. दुसरा कुटुंबाच्या पावित्र्याबद्दल बोलतो आणि प्रार्थनासभेवर चाल करून जाणाऱ्यांना अडवत नाही. तिसरा अल्पसंख्याकांचा कैवार घेतो आणि त्यांना तिकीट देत नाही. फाशीच्या शिक्षेला, गर्भपाताच्या सैल कायद्याला विरोध करणारा पक्ष शोधायला निघालात तर दिवा घेऊन फिरावं लागेल.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. तुम्ही ज्या पक्षात जाल, तिथल्या बैठकीत उभं राहून "हे चूक आहे" असं म्हणता येतं का? तुमच्या समाजाबद्दलच नव्हे, मुसलमानाबद्दल, पारध्याबद्दल, विधवेच्या जमिनीबद्दल वाईट बोललं गेलं तरी म्हणता येतं का? म्हणता येत असेल तर तो पक्ष कोणताही असो, जा आणि म्हणा. म्हणता येत नसेल, किंवा म्हणूनही वर्षानुवर्षं काही बदलत नसेल, तर बाहेर पडा आणि बाहेर पडल्याचं कारण गावाला सांगा. गप्प बसून पदाला चिकटणं, हे मला मान्य नाही. घरी बसून सगळे पक्ष सारखेच म्हणणं, हेही मान्य नाही.

बायकांसाठी तर दार अर्धं उघडंच आहे. २०११पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. धर्मग्रामाचा सण कोण पार पाडतं? बचत गटाचा हिशेब कोण ठेवतं? आजाऱ्याच्या घरी डबा कोण नेतं? ज्या बाईने शंभर माणसांच्या जेवणाचा हिशेब रुपयाला रुपया लावून दिला आहे, ती ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक वाचू शकत नाही, असं कोण म्हणतं? तिचा नवराच म्हणतो, आणि त्याला आधी समजावायला हवं. तिला उभं करा. आणि निवडून आल्यावर तिच्या खुर्चीत तुम्ही बसू नका.

२०२२च्या सुरुवातीला जिल्हा परिषदेची, पंचायत समित्यांची, नगरपरिषदांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. वर्षांमागून वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्या असं बजावलं तेव्हा कुठे राज्यात हालचाल सुरू झाली, आणि नगरपरिषदांचं मतदान डिसेंबर २०२५मध्ये झालं. इतका काळ निवडून दिलेलं कुणी नव्हतं आणि आपल्या एकाही धर्मग्रामातून त्याबद्दल साधं निवेदन गेल्याचं माझ्या कानावर नाही. प्रशासकाकडेही आपण भिंतीचाच अर्ज घेऊन गेलो.

मराठी कॅथलिक वाचकाला माझं एक सांगणं आहे. १५ ऑगस्टला मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. त्या सकाळी तुम्ही मिस्सेला येताच. त्याच दिवशी बऱ्याच गावांत झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते. १ मेला कामगार संत जोसेफ यांचा सण आणि त्याही दिवशी बऱ्याच ठिकाणी ग्रामसभा. या वेळी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात चहा घेऊन घरी जाऊ नका. शेजारच्या दोन घरांना बरोबर घ्या, ते कुठल्याही धर्माचे असोत, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा. हजेरीच्या वहीत सही करा. मागच्या वर्षीच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा हिशेब वाचून दाखवायला सांगा. ग्रामसेवक वही मिटवायला लागला तर बसून राहा.